वार्निशचं कपाट

आमच्या घरात गॅस बंद केलाय की नाही हे तीनदा बघितलं जातं, आणि तिन्ही वेळा बघणारे आमचे हेच. एकदा कुलूप लावायच्या आधी, एकदा जिन्याच्या वळणावरून परत वर येऊन आणि तिसऱ्यांदा रस्ताभर मनातल्या मनात. कुठेही जायचं असो, आम्ही उशिराच पोहोचतो, आणि पोहोचल्यावरही हे निम्मे घरीच राहिलेले असतात. लग्न झालं तेव्हा मला वाटलं होतं, माणूस काळजी घेणारा आहे, बरंच आहे की. काळजी घेणारा आणि काळजी करणारा यांतला फरक मला पुढे संसारात कळला.

यांचं काम लिफ्ट दुरुस्तीचं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी सोसायटीत यांना अजून लिफ्टवालेच म्हणतात. दुरुस्ती झाली की हे आधी स्वतः रिकाम्या लिफ्टमधून वर-खाली करायचे, भिंतीला कान लावून तारेचा आवाज ऐकायचे आणि मगच 'लिफ्ट बंद'ची पाटी काढायचे. बरोबरचे लोक वैतागायचे. पण निवृत्तीच्या दिवशी यांना दोन शब्द बोलायला उभं केलं, तेव्हा हे एवढंच म्हणाले, "माझ्या हातून कुणाला खरचटलंसुद्धा नाही." आणि खाली बसले. आयुष्यात या माणसाने एवढी एकच बढाई मारली. मात्र ती भाजीवाल्यापासून व्याह्यांपर्यंत सगळ्यांना ऐकवून झाली आहे, आणि मी ती खाली मान घालून दर वेळी पुन्हा ऐकते.

घरात आम्ही तिघं. हे, मी आणि माझ्या सासूबाई. सासूबाईंचं वय विचारलं तर त्या "तुला काय करायचंय?" म्हणतात. स्टुलावर चढून माळ्यावरचे डबे काढणं, स्वतःचं पाणी स्वतः भरणं, कपडे पिळताना मला "तुझ्या हातात जीव नाही" म्हणून बाजूला सारणं, हे सगळं त्या परवापरवापर्यंत करत होत्या. मला त्यांचा धाक होता आणि खरं सांगायचं तर आधारही होता.

आता मी. मी एका फोटो स्टुडिओत काम करायचे. पासपोर्टचे फोटो काढायचे, लोकांच्या गालांवरचे फोड मिटवायचे. स्टुडिओ बंद झाला तेव्हा मालकांनी त्यांचा मोठा प्रिंटर मला देऊन टाकला. जाता-येता वाट बघत बसलेल्या माणसांचे फोटो काढायचा मला नाद होता. दवाखान्याचा बाक, बसचा थांबा, कचेरीतली खिडकी. वाट बघणाऱ्या माणसाचा चेहरा फार खरा असतो, त्याला आपण दिसतोय याचं भान नसतं. आमच्या वाचनालयातल्या बाईंनी ते फोटो बघितले आणि म्हणाल्या, "आमच्या हॉलमध्ये लावू या. फक्त काच नको हं, तिथे ट्यूबलाइट इतक्या आहेत की फोटोऐवजी बघणाऱ्याचंच तोंड दिसतं."

काच नाही म्हटल्यावर वार्निश आलं. जाड सुती कागदावरच्या छपाईवर वार्निशचा बारीक फवारा मारावा लागतो. एक हात आडवा, वाळला की एक हात उभा. नाहीतर कुणाचं ओलं बोट लागलं तरी शाई उतरते. मी पहिला फोटो गॅलरीत करून बघितला. वाळेपर्यंत त्यावर दोन केस, एक चिलट आणि रस्त्यावरची भरपूर धूळ बसली. त्यात यांनी वार्निशचा डबा हातात घेतला. डब्यावर ज्वाळेचं चित्र होतं. झालं!

"हे घरात उडवायचं?" यांनी विचारलं.

"मग काय रस्त्यावर?"

"याची वाफ पेट घेते, असं लिहिलंय. फुप्फुसात जाते, असं लिहिलंय."

"तुम्ही वाचलंत ना? मग आता ती घाबरून जाणार नाही."

हे हसले नाहीत. भिंग आणून त्यांनी डब्यावरची बारीक अक्षरं शेवटपर्यंत वाचली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या खोलीत टेप घेऊन मापं घेत उभे. मी ओळखलं, आता हा माणूस थांबत नाही.

मागची खोली बाथरूमला लागून आहे. तिथे सासूबाईंचं जुनं लाकडी कपाट होतं. यांनी त्याची दारं काढली, फळ्या काढल्या, पाठ कापली. पाठीच्या जागी एसीत असतात तसले जाळीचे फिल्टर बसवले, त्यांच्या मागे खोका, खोक्यात मोठा पंखा, आणि पंख्यापासून खिडकीपर्यंत चंदेरी पत्र्याची लवचिक नळी. म्हणजे मी कपाटासमोर उभी राहून आत फवारा मारायचा, उडालेलं वार्निश फिल्टरमध्ये अडकायचं आणि वाफ खिडकीबाहेर जायची. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

"माझ्या लग्नातलं कपाट आहे ते," त्या म्हणाल्या.

"आई, तूच म्हणालीस की न्या."

"न्या म्हणाले, त्याला नळ्या लावा नाही म्हणाले."

मला कौतुक वाटत होतं, आणि धास्तीही. कारण हे जेवढं बांधत होते, तेवढे जास्त घाबरत होते. मोटरची ठिणगी वाफेत पडली तर? म्हणून मोटर खोक्याच्या बाहेर काढली आणि पट्ट्याने पंखा फिरवला. दिव्याची ठिणगी? दिवा बाहेर काचेमागे गेला. यांच्या मनात येईल त्या प्रत्येक संकटाला कपाटात एकेक स्क्रू होता. जेवताना घास हातात धरून हे मध्येच थांबायचे आणि उठून मागच्या खोलीत जायचे. मी विचारलं की म्हणायचे, "काही नाही, बघून आलो."

बाथरूममध्ये गॅसचा गिझर आहे, त्यात ज्योत असते. यावर यांनी कितीतरी दिवस डोकं लावलं. मग टिश्यू कागदाच्या बारीक पट्ट्या कापल्या. पंखा चालू करून त्यातली एक पट्टी दाराच्या फटीपाशी धरायची. कागद जिकडे झुकेल तिकडे हवा जाते. पट्टी प्रत्येक वेळी पॅसेजमधून खोलीच्या आत झुकली. यांनी मला दाखवलं, सासूबाईंना दाखवलं. "बघा, खोलीतून बाहेर काही येतच नाही. सगळं कपाटात आणि कपाटातून रस्त्यावर. गिझरपर्यंत वाफ पोहोचणारच नाही." आणि ते खरंच होतं. कपाटातून बाहेर काय जातं, कुठे जातं, याचा या माणसाने इतका विचार केला होता की माझ्या जिवाला घोर लागला. जेवढी हवा बाहेर जाते तेवढी कुठूनतरी आत यावी लागते, एवढं मात्र राहून गेलं.

पहिला फोटो झाला. रंग असे उठले की मी बघतच राहिले. पण उजेडात तिरका धरला तर धुळीचे कण दिसले. मी नुसतं "कण आहेत" म्हणाले, आणि यांना काम मिळालं. खोलीच्या दारात फिल्टर बसवला. तरी कण आले, म्हणून घराच्या मुख्य दाराखाली रबरी पट्टी लावली. स्वयंपाकघराची खिडकी, बेडरूमची खिडकी, सगळीकडे फोमच्या पट्ट्या. बाथरूमच्या खिडकीतल्या काचेच्या फळ्यांमधून रस्त्यावरची धूळ यायची, तिच्यावर प्लास्टिक चिकटवलं. फट दिसली की बुजव, असं आठवडाभर चाललं. सासूबाई म्हणाल्या, "आता माणसं तेवढी बुजवायची राहिलीत." पण फोटो आरशासारखे स्वच्छ निघायला लागले, आणि मग मीही गप्प बसले.

शेवटी एकच मोठा फोटो राहिला. बँकेबाहेर खुर्चीत झोपलेल्या पहारेकऱ्याचा. तो दाराएवढा होता, त्यामुळे पंखा बराच वेळ चालू ठेवावा लागणार होता. मी तोंडाला मास्क लावला आणि यांना बजावलं, "मी सांगेपर्यंत कुठलंही दार उघडायचं नाही. ओलं असताना वारा आला की संपलं." हे पॅसेजमध्ये स्टूल टाकून बसले, माझं दार एका हाताला आणि बाथरूमचं दुसऱ्या हाताला. सासूबाई आंघोळीला गेल्या होत्या. त्यांना आंघोळ करताना बडबडायची सवय. साबणाला बोलतात, बादलीला बोलतात, सासरेबुवा जाऊन इतकी वर्षं झाली तरी त्यांचा हिशेब अजून मिटलेला नाही. पंख्याच्या घरघरीतूनही मला ते सगळं ऐकू येत होतं.

मी दुसरा हात मारत होते, बाथरूममधली बडबड कधी थांबली ते मला कळलं नाही, आणि यांची हाक आली. मला उद्देशून नव्हती. "आई?" मग जरा मोठ्याने, "आई!" मग दारावर थापा. मग लाकूड मोडल्याचा आवाज.

मी मास्कसकट बाहेर धावले. बाथरूमची कडी तुटून लोंबत होती. नळातून कढत पाणी पडत होतं आणि सासूबाई भिंतीला टेकून वाकड्या बसल्या होत्या, डोळे अर्धवट उघडे, गाल लालबुंद. यांनी नळ बंद केला, टॉवेल गुंडाळून त्यांना उचललं. हे धावलेले मी आजवर कधी पाहिले नव्हते. त्या दिवशी धावले. गॅलरीचं दार लाथेने उघडलं, म्हणाले, "सगळं उघड! खिडक्या, दारं, सगळं!" मी फोमच्या पट्ट्या नखांनी ओरबाडल्या. माझ्या मनात एकच चाललं होतं, या गेल्या तर हा माणूस जगायचा नाही.

गॅलरीतल्या वाऱ्यावर थोड्या वेळाने सासूबाईंनी डोळे उघडले. आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघून त्यांनी विचारलं, "कोण गेलं?"

माझा जीव भांड्यात पडला. हे मात्र त्यांचे पाय चोळतच राहिले.

कोपऱ्यावरचे डॉक्टर आले. नाडी बघितली, रक्तदाब घेतला, छाती तपासली. तोपर्यंत सासूबाई उठून बसल्या होत्या, फक्त डोकं ठणकतंय म्हणत होत्या. डॉक्टर म्हणाले, "कढत पाण्याने रक्तदाब उतरला असणार. वय झालंय आता. यापुढे एकट्यांनी आंघोळ नको, कडी नको, ओझी उचलणं बंद. जपायचं." आणि त्यांनी शक्तीच्या गोळ्या लिहून दिल्या.

वय झालंय. हे दोन शब्द आमच्या घरात कुणी कधी उच्चारले नव्हते. सासूबाईंनी ते ऐकले आणि दुसऱ्या दिवशी त्या उठल्याच नाहीत. मला वाटलं थकवा असेल. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला पलंगाजवळ बोलावलं, त्यांची चांगली शाल माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "तू वापर. ठेवून काय करायचंय." मी आंघोळ घालायचे तेव्हा त्या स्टुलावर मान खाली घालून गप्प बसायच्या. ना साबणाला काही, ना बादलीला. जेवायला मी भरवेन तेवढंच. मी त्यांच्या पाठीवर पाणी ओतायचे आणि मला रडू यायचं. आयुष्यभर ज्यांच्या बोलण्याला मी कंटाळले, त्यांनी एकदा मला चांगलं झाडावं म्हणून मी मुद्दाम कपडे न पिळता वाळत टाकले. त्या काही बोलल्या नाहीत.

यांची अवस्था तर विचारू नका. तासातासाला जाऊन त्यांच्या नाकासमोर हात धरायचे.

प्रदर्शन तोंडावर आलं होतं. पहारेकऱ्याचा फोटो त्या धावपळीत धुळीने भरून गेला होता. मी तो सोडूनच दिला होता, पण हेच म्हणाले, "पुन्हा छाप, करू या." मला वाटतं, यांना हातांना काहीतरी काम हवं होतं. पट्ट्या पुन्हा लागल्या, खिडक्या बंद झाल्या. मी पंखा चालू केला. हे टिश्यू कागदाची पट्टी घेऊन नेहमीसारखे घरभर फिरायला लागले.

मग बाथरूममधून अगदी हळू, "जरा इकडे ये."

हे गिझरसमोर उभे होते. गिझरच्या डोक्यावरून धुराची नळी भिंतीतून बाहेर जाते. तिच्या तळाशी यांनी पट्टी धरली होती. ती वर नळीकडे झुकायला हवी होती. ती उलटी, आमच्याकडे झुकली होती आणि फडफडत होती.

"पंखा बंद कर," हे म्हणाले. मी केला. पट्टी सरळ खाली लोंबली. "चालू कर." पट्टी पुन्हा आमच्याकडे आली. आम्ही हे तीन-चारदा केलं. मला पहिल्यांदाच कळलं होतं, पण हे करतच राहिले. सगळ्या फटी बुजवल्यावर पंख्याला हवा मिळण्यासाठी या घरात एकच भोक उरलं होतं, आणि ते या नळीचं होतं. गिझरचा धूर बाहेर जायच्या ऐवजी आत आला होता. बंद दाराआड, प्लास्टिक लावलेल्या खिडकीआड, आंघोळ करणाऱ्या बाईच्या नाकातोंडात.

हे तिथेच ओल्या फरशीवर बसले.

मी त्यांच्या समोर उकिडवी बसले आणि स्पष्ट सांगितलं, "हे बघा, त्या वाचल्या. गिझर आजच काढून टाका. पट्ट्या फेका, कपाट भंगारात द्या. पण आईंना सांगायची काही गरज नाही. डॉक्टरांनी वय म्हटलंय ना, लोकांनीही तेच ऐकलंय. सांगून काय मिळणार?" मी तसं म्हणाले आणि वेळ आली तर पुन्हा म्हणेन. मला यांची भीती वाटत होती. माणसं उभी राहतात ती कशाच्या तरी जोरावर. यांच्याजवळ निवृत्तीच्या दिवशीचं ते एकच वाक्य होतं, आणि ते खोटं ठरल्यावर हा माणूस कशावर उभा राहणार होता?

यांनी गिझर काढला. सगळ्या खिडक्यांच्या पट्ट्या सोलल्या. वाचनालयाला मी कळवलं की मोठा फोटो येणार नाही. दिवसभर हे आईच्या खोलीच्या दारापर्यंत जात होते आणि परतत होते. मला वाटलं, माझं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सासूबाईंना भरवायला ताट घेऊन गेले. त्यांनी तोंड फिरवलं. म्हणाल्या, "नको गं. आता कशाला अन्न वाया घालवायचं." हे माझ्या मागे दारात उभे होते. ते ऐकलं आणि हे आत आले, पलंगाशी खाली बसले.

"आई, तुला काही झालेलं नाही."

"वय झालंय रे. कबूल केलेलं बरं."

"वय नाही. मी केलं ते."

सासूबाईंनी मान वळवली. यांनी सगळं सांगितलं. पंखा, पट्ट्या, नळी, धूर. कुठेही थांबले नाहीत, कशाचीही सारवासारव केली नाही. "तिथे तुझ्या जागी मी असतो तरी पडलो असतो. ही असती तरी पडली असती. विषारी हवा होती. तुझ्या अंगात काही दोष नाही. दोष माझ्या कपाटात होता."

सासूबाईंनी कपाळावरून हात फिरवला. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे माझं डोकं ठीक आहे?"

"ठीक आहे."

"छाती?"

"डॉक्टरांनी तपासली ना. चांगली आहे."

"म्हणजे तू मला मारलं असतंस."

"हो," हे म्हणाले. मी ताट घट्ट धरलं.

सासूबाई कोपरावर जोर देऊन उठून बसल्या. यांच्या तोंडाकडे त्यांनी नीट बघितलं. "हे तुला कधी कळलं?"

"काल."

"काल कधी?"

"सकाळी."

"आणि आज सांगतोस?" त्यांचा आवाज चढला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा चढला. "अरे, मी इथे मरायची तयारी करून पडलेय! माझे असे दिवस उरलेत तरी किती? त्यातला अख्खा एक दिवस तू मला मेल्यासारखं झोपवून ठेवलंस? तो धूर परवडला. धुराला कळत नव्हतं!"

यांनी मान खाली घातली. खांदे हलायला लागले. इतक्या वर्षांच्या संसारात मी या माणसाला घाबरलेलं रोज बघितलं होतं, रडताना कधीच बघितलं नव्हतं. सासूबाईंनी एक हात यांच्या डोक्यावर ठेवला, ठेवलेल्या हातानेच एक टप्पल मारली आणि दुसरा हात माझ्यापुढे केला.

"आण ते ताट इकडे," त्या म्हणाल्या. "माझं मी जेवते."